सोबत स्त्री एक

१

फाईल जागेवर होती. पुठ्ठ्यावर नाव होतं, क्रमांक होता, वर फीत बांधलेली होती, आणि हातात घेतल्यावर वजनही जवळजवळ बरोबर वाटत होतं. फक्त आतला मजकूर गेला होता.

आत कागद नव्हते असं नाही. पण ते सगळे कोरे फॉर्म होते. वाळवीकाकांनी एकेक उलटून पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. जगात कुठेही काही चुकलं की ते आपल्याच हातून चुकलं असणार, असा त्यांचा पहिला अंदाज असे, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी तो कधी खोडून काढला नव्हता.

कचेरी होती पालकत्व नोंदणीची. त्या मुलखात प्रत्येक बाई कुठल्या ना कुठल्या पुरुषाच्या कार्डावर असे. आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या, तो गेला तर मुलाच्या नाहीतर भावाच्या. कार्डावर तीन ओळी छापलेल्या असत, म्हणून एका कार्डावर तीनच बायामाणसं मावत. कायद्यात तीन हा आकडा कुठेही नव्हता. पहिल्या वर्षी कागद आखूड आला होता, एवढंच. पण पुढे एकाने पट्टी धरून चौथी ओळ आखली तेव्हा त्याला सहा महिने आत बसावं लागलं, आणि तेव्हापासून तीन हाच कायदा झाला.

ही कार्डं आणि त्यांच्या फायली काका सांभाळत. समोर येईल तो कागद शेवटपर्यंत वाचायचा त्यांना नाद, म्हणून कचेरीने त्यांचं नाव वाळवी पाडलं होतं. तोंडावर वाळवीकाका. त्यांनी कधी तक्रार केली नाही. उंदीर म्हणाले नाहीत हेच खूप, असं ते मनाशी म्हणत.

रिकामी झालेली फाईल होती प्रूफबाईंची. शहरातल्या मोठ्या छापखान्यात त्या मुद्रितं तपासत, आणि छापखान्याचा मालक हाच त्यांचा नवरा. त्यांनी नवऱ्यापासून वेगळं होण्याचा अर्ज केला होता. असा अर्ज बाईला जन्मात एकदाच करता येई, आणि बाईच्या इतर कुठल्याही अर्जासारखी त्यावरही पालकाची सही लागे. पालक म्हणजे नवरा. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, पण आधी मांजराची लेखी परवानगी आणायची. चौतीस वर्षांत एकही असा अर्ज पुरा भरून आला नव्हता. हा आला होता. खाली छापखानेवाल्यांची सही होती, स्पष्ट, घोळदार, आडवी रेघ मारलेली.

सुनावणी आज चार वाजता होती. चारच्या ठोक्याला फाईल साहेबांच्या टेबलावर नसली तर अर्ज कायमचा निकाली निघणार होता. पुन्हा करायची सोय नव्हती.

आत्ता साडेदहा झाले होते. काल दोन वाजता काकांनी स्वतःच्या हाताने त्या फाईलीतल्या छत्तीस कागदांवर आकडे घालून फीत बांधली होती. दोनपासून पाचपर्यंत ते खोलीच्या एकुलत्या एक दारात खुर्ची टाकून बसले होते. पाणी प्यायलाही उठले नव्हते. पाचला कपाटाला कुलूप घातलं, आणि किल्ली रात्रभर त्यांच्या उशाशी होती.

दारातून कुणी गेलं नव्हतं. म्हणजे हिशेबाने चोर एकच उरत होता, आणि त्याला ते रोज दाढी करताना आरशात बघत होते.

२

हेडक्लार्कने बातमी शांतपणे ऐकून घेतली. त्यांच्या मते प्रश्नच नव्हता. चार वाजू द्यावेत, अर्ज निकाली निघेल आणि सगळे आपापल्या घरी जातील. काकांनी मान हलवली, पण ते गेले नाहीत. हेडक्लार्कला त्याचं नवल वाटलं, कारण मान हलवल्यावर काका जात, अशी त्यांची ओळख होती.

काकांची नजर टेबलावरच्या ट्रेमध्ये गेली होती. वाचायचा नाद वाईट. आजच्या तारखेचा, प्रूफबाईंच्या नावाचा हुकूम तिथे लिहून तयार होता: ‘फाईल पटलावर नसल्यामुळे अर्ज निकाली.’ आणि शाई कालची होती.

काकांनी हुकूम पुन्हा एकदा वाचला. विचारावं की नको, ह्यात एक मिनिट गेलं. शेवटी त्यांनी कसंबसं विचारलं.

हेडक्लार्कला राग आला नाही. त्यांनी ट्रेमधला दुसरा कागद काढून दाखवला. तोही तयार होता: ‘अर्ज मंजूर.’ प्रत्येक सुनावणीचे दोन हुकूम ते आदल्या दिवशीच लिहून ठेवत, साहेबांनी फक्त सही करायची. मंजुरीचा आजवर कधी लागला नव्हता, पण पद्धत म्हणजे पद्धत.

"आणि मला हा अर्ज मंजूर व्हायला नकोच आहे, हेही लिहून घ्या," हेडक्लार्क म्हणाले. "आज हिचं नाव कार्डावरून निघालं की उद्या माझ्या घरी चहा मिळताना आवाज वेगळा येईल. पण नको असणं वेगळं आणि चोरणं वेगळं. तुमच्या खोलीत यायचं तर तुमच्या मांडीवरून यावं लागतं, काका. मी काल आलो होतो का मांडीवर?"

आले नव्हते.

मग दोघांनी फाटकावरची वही मागवली. काल दोन ते पाचमध्ये बाहेरचे तीन पुरुष आत आले होते. दोन वीसला घड्याळजी, म्हणजे प्रूफबाईंचा भाऊ. पावणेतीनला एक गवंडी, तो आई आणि बायको घेऊन कार्ड बदलायला आला होता. तीनला स्वतः छापखानेवाले. हेडक्लार्कने तिसऱ्या नावाखाली नखाने रेघ ओढली. चोर पायाशीच आहे, ते म्हणाले, बाहेर बाकावर पेपर वाचतोय. बायकोला सुनावणीला हजर करायची जबाबदारी पालकाची, म्हणून बिचारा स्वतःच्याच विरुद्धच्या खटल्याला तिला वेळेवर घेऊन आलाय.

३

छापखानेवाले तिशीत देखणे असावेत. आता नुसते मोठे होते. त्यांनी काकांना बाकावर जागा करून दिली आणि न विचारताच बोलायला सुरुवात केली, कारण सकाळपासून त्यांचं ऐकायला कुणी नव्हतं.

सही त्यांचीच होती. बायकोला ग्रंथालयात जायचं, चष्मा बदलायचा, दात दाखवायचा, प्रत्येकाला त्यांची सही. आठवड्याला वीसेक चिठ्ठ्या. त्या ती नीट गठ्ठा करून पुढे ठेवी, आणि ते फोनवर बोलता बोलता सह्या ठोकत. त्यातलीच एक ही. आता वकील म्हणतो, न वाचता सही केली असं सुनावणीत सांगा. पण कसं सांगणार? सरकारी फॉर्म त्यांच्याकडे छापायला येतात ते कशावर? प्रत्येक प्रूफाच्या खाली ‘वाचून तपासले’ म्हणून त्यांची सही असते यावर. ते वाचत नाहीत हे एकदा जाहीर झालं की छापखान्याला टाळं. आणि वाचतं कोण, तर तीच.

"म्हणजे सहीही माझी आणि गळाही माझा," ते म्हणाले. "मी काल हेडक्लार्ककडे फक्त एवढंच विचारायला आलो होतो की हे प्रकरण मिटवता येईल का. चोरी कशी करतात ते मला माहीत नाही. घरातली चावी कुठे असते तेही मला तीच सांगते."

काकांना त्यांचं खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणून स्वतःचा संशय आला. पण हा माणूसही दारातून आला नव्हता.

मग छापखानेवाल्यांनी आवाज खाली आणला. त्यांनी कधी हात उगारला नव्हता, दारू नव्हती, बाहेर काही नव्हतं. "तुम्ही फाईल वाचली असेल. त्यात नक्की काय लिहिलंय हो तिने?"

काकांनी वाचलं होतं. फॉर्मवर कारणांसाठी तीनच पर्याय छापलेले होते: मारहाण, वेड, परागंदा. प्रूफबाईंनी तिन्ही खोडले होते आणि बाजूला बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘त्यांनी हा अर्ज वाचून सही नाकारली असती, तर मी तो मागे घेतला असता.’

हे त्यांना सांगायला हवं होतं. काका म्हणाले, ते कचेरीचं गुपित आहे.

४

खोलीत परत येऊन ते आपल्या खुर्चीत बसले आणि काल जसे बसले होते तसेच बसून राहिले. दार समोर. कपाट मागे. कपाटाला लागून भिंतीत एक हातभर रुंद खिडकी होती, तिच्या पलीकडे स्त्रियांची प्रतीक्षा खोली. त्या खोलीत पुरुषाला बंदी होती. ज्या बाईचा अंगठा लागायचा, तिला कागद मागे न बघता ह्या खिडकीतून द्यायचा, म्हणूनच सुनावण्यांचं कपाट तिथे ठेवलेलं. आणि नियम असा होता की अभिलेखपालाने स्त्रियांच्या खिडकीकडे पाठ करून बसावं.

चौतीस वर्षं ते पाठ करून बसले होते. इतकी वर्षं, की तिथून कागद बाहेर जातो तसा कुणाचा हात आतही येऊ शकतो, हेच ते विसरले होते. कपाटही दिवसभर उघडंच असे.

त्यांनी फाटकावरची वही पुन्हा उघडली. सकाळी दोघांनी नावं वाचली होती, नावांच्या पुढचा रकाना कुणीच वाचला नव्हता. घड्याळजी, सोबत स्त्री एक. गवंडी, सोबत स्त्री दोन. शिपाई बायकांची नावं लिहीत नसे, तोंडाकडे बघणं तर दूरच. पिशव्या मोजाव्यात तसा आकडा टाकी. अख्ख्या कचेरीने तीन माणसांतून चोर शोधला होता, आणि माणसं आली होती सहा.

मग काकांनी सकाळी गाठ न सोडताच सरकवून काढलेली फीत हातात घेतली. ते स्वतः फितीचं टोक आत खोचत. ही गाठ वेगळी होती. दोन सारख्या पाकळ्या, मध्ये घट्ट वेढा. शाळेतल्या मुलींच्या वेणीवर असते तशी. रोज वेणी घालणाऱ्या हाताची. घड्याळजीची बायको असणार, त्यांना वाटलं. नणंद कायमची घरी येऊन बसणार, ह्या विचाराने कुठली भावजय खूश असते? उत्तर इतकं सोपं निघालं की त्यांना आपल्या बुद्धीचं कौतुक वाटायला लागलं, आणि तेवढ्यानेच ते सावध झाले.

प्रूफबाई पलीकडे बसलेल्या होत्या. काका खिडकीशी गेले, नियमाप्रमाणे पाठ वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून बोलायला लागले. फाईल रिकामी झाल्याचं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, वहिनींना ही फाईल ओळखता आली असती का.

नाही, त्या म्हणाल्या. ह्या कप्प्यात अकरा फायली आहेत, सगळ्यांना एकच फीत. पुठ्ठ्यावरचं नाव वाचल्याशिवाय माझी कुठली ते कळणार नाही. वहिनीला वाचता येत नाही. आईलाही येत नाही. त्यांच्या वेळी शिकवत नव्हते. "आमच्या घरात वाचणाऱ्या दोघीच. मी, आणि मी जिला शिकवलं..."

त्या थांबल्या. काका न राहवून वळले. प्रूफबाई पन्नाशीकडे झुकलेल्या, बारीक, नाकावर चष्म्याचे वळ उमटलेल्या. त्या खाली आपल्या हातांकडे बघत होत्या.

"खिडकी लावून घ्या," त्या म्हणाल्या. "वारा येतोय."

त्या दिवशी पान हलत नव्हतं.

५

घड्याळजीचं दुकान कचेरीपासून दहा मिनिटांवर. काका पोचले तेव्हा एक वाजून गेला होता, म्हणजे निदान अर्ध्या घड्याळांचं तरी तसं मत होतं. मालक डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळात वाकलेला. मागच्या बाकावर सतरा वर्षांची मुलगी चिमट्याने बारीक चाकं बसवत होती. दोन वेण्या, दोन्हींवर दोन पाकळ्यांची गाठ.

घड्याळजी काकांना ओळखत होता. आज चारला येतोच, म्हणाला. काल मुलीला घेऊन आलो होतो ना, तिच्या अंगठ्यासाठी.

कशाचा अंगठा, ते काकांना आठवलं, आणि ते स्टुलावर बसले. काल त्यांनीच ती फाईल तयार करून खालच्या कप्प्यात ठेवली होती. वाचलीही होती. फक्त दोन फायली शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या.

भाऊ सांगत होता, आणि अभिमानाने सांगत होता. त्याच्या कार्डावर तीन ओळी: आई, बायको, मुलगी. ताईला सोडवायचं तर तिला ठेवायला एक ओळ हवी. आईला काढून टाकता येत नाही, बायकोला कुठे पाठवणार? राहिली मुलगी. बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर तयार झाला, वय जरा जास्त आहे, पहिली बायको वारलेली, पण त्याच्या कार्डावर जागा आहे. ताईचा निकाल लागला की त्याच बैठकीत मुलीचं नाव तिकडे जाणार आणि ताईचं इकडे येणार.

"बहिणीसाठी माणसाने एवढं करू नये का?" त्याने विचारलं. भिंगातून त्याचा एक डोळा प्रचंड मोठा आणि ओलसर दिसत होता.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो पुढे गेला. मुलीने चिमटा खाली ठेवला.

"मला वाटलं पोलीस येतील," ती हळूच म्हणाली. "तुम्ही आलात."

तिला बघून घ्यायचं होतं, आपण कशावर अंगठा देतोय. फॉर्म वाचू का, असं तिने काल आत येतानाच विचारलं, तर हेडक्लार्क म्हणाले, अंगठ्याला डोळे नसतात. मग ती खिडकीशी उभी राहिली. आत काकांची पाठ होती, आणि हाताच्या अंतरावर आत्याचं नाव. तिने प्रतीक्षा खोलीतल्या टेबलावरचे कोरे फॉर्म फाईलीत घातले आणि फीत होती तशी बांधायचा प्रयत्न केला. औषधशास्त्राच्या कॉलेजचं पत्र तिच्या दप्तरात पडून होतं. प्रवेश मिळालेला, फक्त पालकाची सही बाकी. आत्याचा अर्ज निकाली निघाला असता, तर ओळ रिकामी करायची गरजच पडली नसती.

तिने एका दुरुस्तीला आलेल्या भिंतीवरच्या घड्याळाच्या खोक्यातून कागद काढले. छत्तीसच्या छत्तीस, एकही चुरगळलेला नाही.

"फाडायला घेतले होते," ती म्हणाली. "मग तिने कारणाच्या जागी काय लिहिलंय ते वाचलं. आणि मला वाचायला तिनेच शिकवलंय." तिने कागद त्यांच्या हातात दिले. "न्या तुम्ही. मी अडवत नाही. फक्त एक सांगा, आजोबा. माझी फाईल कुठल्या कप्प्यात आहे?"

खालच्या, ते म्हणाले.

"तीही चारलाच?"

त्यांनी मान हलवली. आणि ह्या वेळी ते गेले.

६

रहस्य उलगडलं होतं. पुस्तकांत इथे सगळ्यांना एका खोलीत बोलावतात आणि तपास करणारा पाईप पेटवतो. वाळवीकाका तीन वाजता खोलीत कागदांचा गठ्ठा छातीशी धरून उभे होते आणि तो खाली ठेवायला त्यांना जागा सापडत नव्हती. फाईल ठेवली तर आत्या सुटते आणि मुलगी जाते. नाही ठेवली तर मुलगी राहते आणि आत्या जन्मभर तिथेच. त्यांच्या स्वतःच्या कार्डावर तिन्ही ओळी रिकाम्या होत्या, पण त्यांचा काय उपयोग? रक्ताचं नातं लागतं.

एका ओळीवर त्यांची बायको होती, ती वारली. दुसरीवर मुलगी. लग्नाला वर्षभर थांबा, एवढंच ती म्हणाली होती. पण फॉर्म पुरा भरलेला होता, कुठेही खाडाखोड नव्हती, आणि बिनचूक फॉर्म अडवून ठेवायचा कसा, ते काकांना माहीत नव्हतं. तिच्या बदलीची नोंद त्यांनीच आपल्या अक्षरात केली होती. त्याला एकवीस वर्षं झाली. पहिली काही वर्षं तिची पत्रं येत.

ते खिडकीशी गेले. पाठ वळवली नाही. सगळं सांगितलं, मुलीचं, कॉलेजचं, बर्फाच्या मॅनेजरचं, आणि अर्ज तुमचा आहे तेव्हा काय करायचं ते तुम्हीच सांगा, म्हणाले.

प्रूफबाई उठून खिडकीशी आल्या.

"अर्ज माझा," त्या म्हणाल्या. "कपाट तुमचं, किल्ली तुमची. चौतीस वर्षं दोन्ही तुमच्याकडे, आणि विचारायला मात्र माझ्याकडे आलात. मी ठेवा म्हटलं तर पोर मी बुडवली. नको म्हटलं तर बाईने स्वतःच नवऱ्याचं घर निवडलं, असं मनाशी म्हणून तुम्ही शांत झोपणार. मी काही सांगणार नाही, काका. आजच्या दिवस तुम्ही ठरवा आणि ते तुमच्याच नावावर राहू द्या."

त्यांनी स्वतःच खिडकी लावून घेतली.

७

चार वाजता फाईल टेबलावर होती. फीत काकांच्या पद्धतीने, टोक आत खोचून. हेडक्लार्कने छत्तीस कागद दोनदा मोजले, छापखानेवाल्यांनी सही आपलीच आहे आणि आपण नेहमी वाचूनच सही करतो असं तोंड पाडून सांगितलं, आणि साहेबांनी पुढे आलेल्या हुकुमावर सही केली. हेडक्लार्कने आयुष्यात पहिल्यांदा तो दुसरा हुकूम ट्रेमधून उचलला होता.

प्रूफबाईंचं नाव नवऱ्याच्या कार्डावरून खोडण्यात आलं.

आता भावाचं कार्ड. ओळ रिकामी करायची म्हणून मुलीच्या बदलीची फाईल मागवली गेली. काका कपाटाशी गेले, खालचा कप्पा उघडला, थोडा वेळ वाकून उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले की फाईल सापडत नाही.

हेडक्लार्क त्यांच्याकडे बघत होते. काका आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, म्हणून ते वाईट बोलले. कान लाल झाले, चष्मा घसरला. पण कुंपणच शेत खाईल ही शंका घ्यायलाही माणसाने आधी कुंपणाकडे बघितलेलं असावं लागतं, आणि त्यांच्याकडे तसं कधी कुणी बघितलंच नव्हतं.

नियम स्पष्ट होता. एका बदलीची एकच फाईल. ती हरवली तर शोध घ्यायचा, आणि शोध चालू असेपर्यंत दुसरी उघडायची नाही.

"म्हणजे पोरगी माझ्याच कार्डावर?" घड्याळजीने विचारलं.

हो.

"आणि ताई?"

हेडक्लार्कने तिन्ही नियमपुस्तकं काढली. पुरुषाच्या कार्डावर नसलेली बाई, असा शब्दच त्यांत नव्हता. घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढायला हात नेला. भिंग दुकानात होतं.

पाच वाजता प्रूफबाई फाटकाशी गेल्या. शिपायाने वही उघडली आणि अडचणीत पडला. कुणाच्या नावापुढे ‘सोबत’ लिहू? छापखानेवाले चांगुलपणाने म्हणाले, माझ्या लिहा. पण ती आता त्यांच्या कार्डावर नव्हती. भाऊ म्हणाला, माझ्या. पण ती अजून त्याच्याही कार्डावर नव्हती. पुरुषाशिवाय बाई बाहेर सोडली तर शिपायाची नोकरी जाणार. प्रूफबाईंनी फाटकाच्या गजांतून रस्त्याकडे एकदा बघितलं, आणि पावसात भिजायला नको म्हणून आत वळावं तशा वळून प्रतीक्षा खोलीत आल्या.

त्या तिथेच राहिल्या. तात्पुरती सोय, असं फलकावर लिहिलं गेलं. भाऊ डबा आणि अंथरूण देऊन जाई. छापखानेवाले आठवडाभर रोज प्रूफांचा गठ्ठा घेऊन बाकावर बसत. त्यांनी तो खिडकीतून आत पाठवला, तो तसाच परत आला, आणि दुसऱ्या महिन्यात सरकारी फॉर्मवर साहेबांच्या हुद्द्याच्या जागी एका साबणाची जाहिरात छापून आली.

मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर बापाने सही केली. फाईल सापडेपर्यंत पोर रिकामी कशाला ठेवायची, म्हणाला. मॅनेजरने महिनाभर वाट बघितली आणि शोध कुठवर आला म्हणून स्मरणपत्र धाडलं. वाट बघायची त्याची तयारी होती. बर्फाच्या धंद्यातला माणूस.

प्रतीक्षा खोलीत मात्र एक फरक पडला. अंगठा द्यायला आलेल्या बायकांना आता आधी कुणीतरी फॉर्म वाचून दाखवी. काहीजणी ऐकत आणि तरी अंगठा देत, कारण घरी जायचंच होतं. काहीजणी अंगठा पदरात गुंडाळून बसून राहत, मग बाहेरून नवऱ्याच्या, बापाच्या हाका ऐकू येत.

त्या बसून राहणाऱ्या वाढल्या, तेव्हा हेडक्लार्क स्वतः काकांच्या खोलीत आले आणि हरवलेल्या फाईलचा शोध जोरात करा, म्हणाले. ती सापडली तरच ही बाई इथून हलणार. तपास अर्थातच काकांकडे होता, कागदांची माहिती त्यांच्याइतकी कुणाला? काका म्हणाले की ते दोन दिवसांत एक कपाट तपासतात, सावकाश, काही सुटायला नको. आतापर्यंत तेवीस झाली. एकूण एकशे दहा. शेवटच्या, मयतांच्या कपाटात, आपल्या बायकोच्या गठ्ठ्याखाली काय आहे, ते त्यांना चांगलं माहीत होतं.

त्या दुपारी काका खिडकीशी खुर्ची ओढून बसले. आता ते पाठ वळवत नसत आणि त्याबद्दल त्यांना अजून कुणी टोकलं नव्हतं. प्रूफबाईंच्या मांडीवर भाचीचं पत्र होतं. पहिल्या चाचणीत ती वर्गात तिसरी आली होती. मुली एकूण तीनच, असं तिने कंसात लिहिलं होतं.

"तुम्ही निवृत्त कधी?" त्यांनी विचारलं.

"चार महिन्यांनी."

"आणि नंतर कोण शोधणार?"

"नवा येतोय. तरुण आहे. हुशार आहे म्हणतात. आठवड्यात सगळी कपाटं लावून देईन असं मुलाखतीत म्हणाला."

"मग सापडेल."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काहीतरी बरं बोलावं असं त्यांना फार वाटत होतं.

"सापडेल," ते म्हणाले.

प्रूफबाईंनी पत्राची घडी घातली. बाकापाशी एक तरुण बाई फॉर्म हातात धरून केव्हाची उभी होती. त्यांनी तिला जवळ बसवलं, कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.